बोट ते आकडा: पॅकिंग मशीनच्या टचस्क्रीनचा रिफ्रेश रेट वाढवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली भागात हळद आणि मसाल्यांची पाकिटं भरणारे बरेच छोटे-मोठे कारखाने आहेत. त्यातल्या एका कारखान्यात पाउच पॅकिंगची मशीन दोन पाळ्यांत चालतात. मशीन बनवणारी कंपनी वेगळी, आणि मशीनच्या दारावर बसणारा टचस्क्रीन पॅनल बनवणारी छोटी कंपनी त्याहून वेगळी. या पॅनलच्या फर्मवेअरचं, म्हणजे आतल्या चिपवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम आमच्या गटाकडे होतं. इथे कोणाचीच नावं दिलेली नाहीत.

पॅनल साधाच. ७ इंची टीएफटी (एलसीडीचा एक प्रकार), ८०० × ४८० पिक्सेल, वर मोबाईलसारखा कपॅसिटिव्ह टच. आत १८० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४ मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) आणि सोबत १६ बिटांच्या बसवर ८ मेगाबाइट एसडीरॅम, म्हणजे चिपबाहेरची मेमरी. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून लिनक्स वगैरे नाही, छोटा आरटीओएस (ठरलेल्या वेळेत काम करणारी हलकी ऑपरेटिंग सिस्टिम). वीज आली की दोन सेकंदांत स्क्रीन तयार. एमआयडीसीत दिवसातून कितीदा वीज झटका मारते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या दोन सेकंदांची किंमत वेगळी सांगायला नको.

मशीनमधली उपकरणं मॉडबस या औद्योगिक संवाद-पद्धतीने बोलतात, आणि हा पॅनल तिथे मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा, असतो. एका आरएस-४८५ तारेवर पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक संगणक), मुख्य मोटरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) आणि सीलिंगच्या हीटरचे चार टेंपरेचर कंट्रोलर, अशी सहा उपकरणं. पॅनल एकेकाला विचारत जातो आणि आलेले आकडे दाखवतो.

अडचण

तक्रार आमच्यापर्यंत आली ती एका ओळीत: "स्क्रीन स्लो आहे, रिफ्रेश रेट वाढवा, १२० हर्ट्झचा पॅनल द्या." रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीनवर सेकंदाला किती वेळा नवी फ्रेम येते तो आकडा, हर्ट्झमध्ये मोजलेला. कारखान्याच्या मालकांनी मशीन कंपनीला सांगितलं, त्यांच्या सेल्सवाल्यांनी आम्हाला. मालकांच्या हातातला मोबाईल १२० हर्ट्झचा होता, त्यामुळे मागणी त्यांच्या दृष्टीने अगदी सरळ होती. महागड्या मशीनवरची स्क्रीन खिशातल्या फोनपेक्षा मठ्ठ का असावी?

बैठकीत तीन जणांनी तीन अर्थ लावले, म्हणून आम्ही मशीनपाशी जाऊन उभे राहिलो. सकाळच्या पाळीला एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणतात. आडव्या सीलचं तापमान १६० वर होतं आणि त्यांना ते १६२ करायचं होतं. त्यांनी "+" वर बोट ठेवलं. आकडा हलला नाही. पुन्हा दाबलं. मग आकडा एकदम पुढे सरकला, आणि तोवर त्यांनी तिसऱ्यांदाही दाबलेलं होतं. पोचले १६६ वर. लॅमिनेट फिल्मला चार-सहा अंशांचा फरक सोसत नाही. सील आक्रसतं, कडेला जळकट रेघ येते, आणि मग पाकिटं बाजूच्या पाटीत जातात.

"साहेब, दाबलं तर हलत न्हाई, आन् परत दाबलं की दोन घरं पुढं पळतंय," मामा म्हणाले. "आता मी एकदा दाबतो आन् हात मागं घेऊन थांबतो."

रात्रपाळीच्या मुलाची तक्रार मात्र वेगळी निघाली. स्क्रीन बारीक लुकलुकते आणि डोळे चुरचुरतात, असं त्याचं म्हणणं. दिवसा हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. रात्री शेडमधले निम्मे दिवे बंद असताना राखाडी पार्श्वभूमीवर ते आम्हालाही दिसलं.

म्हणजे एका ओळीच्या तक्रारीत दोन दुखणी होती. बोट लावल्यापासून आकडा बदलेपर्यंतचा उशीर हे एक, आणि लुकलुक हे दुसरं. रिफ्रेश रेट या शब्दात दोन्ही एकत्र बांधली गेली होती, आणि उपाय आधीच ठरवून पाठवला होता.

मोजमाप

पहिला निर्णय हा घेतला की मोजल्याशिवाय एकही ओळ बदलायची नाही. यावर कंपनीत थोडी कुरबुर झाली, कारण उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

मोजायची पद्धत अगदी स्वस्तातली. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम मिळतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. बोट काचेला टेकलं ती फ्रेम आणि आकडा बदलला ती फ्रेम, यांमधल्या फ्रेम मोजायच्या. चालू मशीनवर हा आकडा शंभरापासून सव्वादोनशे फ्रेमपर्यंत आला. म्हणजे कमीत कमी ४०० मिलिसेकंद, आणि वाईट वेळी ९०० च्या पुढे.

हा उशीर कुठे जातो ते बाहेरून कळत नाही. म्हणून बोर्डावरच्या रिकाम्या पिनांना तारा सोडल्या आणि फर्मवेअरमध्ये पाच ठिकाणी पिन वर-खाली करणाऱ्या ओळी घातल्या: टच कंट्रोलरचा इंटरप्ट (बोट लागल्याची त्याने प्रोसेसरला दिलेली हाक), टच वाचला, चित्र काढायला सुरुवात, चित्र संपलं, आणि पॅनलला नवी फ्रेम सुरू झाली. लॉजिक अॅनालायझरवर (पिना कधी वर-खाली झाल्या ते दाखवणाऱ्या उपकरणावर) पाचही रेषा एकाखाली एक आल्या आणि चित्र स्पष्ट झालं.

टच: कंट्रोलर दर २० मिलिसेकंदांनी स्थिती कळवत होता आणि सलग पाच वेळा बोट दिसल्याशिवाय स्पर्श मान्य करत नव्हता. इथेच १०० मिलिसेकंद गेले. वर फर्मवेअर इंटरप्टची वाट न पाहता दर ५० मिलिसेकंदांनी येऊन विचारत होतं.

मॉडबस: सगळ्यात मोठा ऐवज इथे होता. बॉड रेट, म्हणजे तारेवरचा वेग, सेकंदाला ९६०० बिट. दहा रजिस्टरं (उपकरणातले आकड्यांचे कप्पे) वाचायची तर ८ बाइट जातात, २५ येतात. मॉडबस आरटीयूत प्रत्येक बाइटला ११ बिट लागतात, म्हणजे नुसत्या तारेवर ३८ मिलिसेकंद. समोरचं उपकरण उत्तर द्यायला घेतं तो वेळ आणि मधली शांतता धरली की एका उपकरणामागे साधारण ६०, आणि सहांचा फेरा सुमारे ३६० मिलिसेकंदांचा. "+" दाबल्यावर नवा आकडा फेऱ्याच्या शेवटी लिहिला जाई, आणि स्क्रीनवर दिसायचा तो पुढच्या फेऱ्यात कंट्रोलरकडून परत वाचून आल्यावर. नशीब चांगलं असेल तर दीडेकशे मिलिसेकंद, वाईट असेल तर पाऊण सेकंद.

चित्र: एक आकडा बदलला तरी संपूर्ण स्क्रीन नव्याने रंगवली जात होती. ३,८४,००० पिक्सेल, प्रत्येकी ३२ बिट, पारदर्शक आयकॉनचं मिश्रण प्रोसेसरच्या अंगावर. एकूण ९० मिलिसेकंद. तेही एकाच बफरमध्ये (चित्र साठवायच्या मेमरीत), डोळ्यांदेखत, पडदा वरून खाली ओढल्यासारखं.

पॅनल: पिक्सेल क्लॉक, म्हणजे पॅनलला पिक्सेल पाठवण्याच्या ठोक्यांचा वेग, निघाला २५ मेगाहर्ट्झ. या पॅनलच्या एका ओळीत दृश्य आणि रिकाम्या मिळून १०५६ ठोके आणि एका फ्रेममध्ये ५२५ ओळी, म्हणजे फ्रेममागे ५,५४,४०० ठोके. भागाकार केला की ४५ हर्ट्झ येतात. डेटाशीटमध्ये (पॅनलच्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात) नेहमीचा क्लॉक ३३.३ मेगाहर्ट्झ दिला आहे, म्हणजे ६० हर्ट्झ. आणि किमान मर्यादा २६.४. आपला पॅनल किमान मर्यादेच्याही खाली चालत होता, आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

लुकलुकीचं कारण इथे सापडलं. लिक्विड क्रिस्टलवर एकाच दिशेचा व्होल्टेज सतत ठेवता येत नाही, क्रिस्टल खराब होतं. म्हणून प्रत्येक फ्रेमला ध्रुव उलटवतात. दोन्ही दिशांचा व्होल्टेज तंतोतंत सारखा कधीच नसतो, त्यामुळे उजेडात निम्म्या वेगाची हलकी लहर राहते. ६० हर्ट्झला ती ३० ची असते, सहसा जाणवत नाही. ४५ ला ती २२.५ वर उतरते, आणि करड्या रंगावर, अंधारात, डोळा ती पकडतो. रात्रपाळीचा मुलगा बरोबर होता.

क्लॉक कमी का केला गेला होता? जुन्या नोंदीत एवढंच सापडलं: स्क्रीन हलते म्हणून क्लॉक कमी केला. करणारा अभियंता केव्हाच दुसरीकडे गेलेला. आम्ही क्लॉक ३३.३ वर नेऊन पाहिला आणि चित्र खरंच आडवं थरथरलं. ३२ बिटांच्या रंगात ओळ वाचताना डिस्प्ले कंट्रोलरला सेकंदाला १३३ मेगाबाइट लागतात. ९० मेगाहर्ट्झच्या १६ बिटी एसडीरॅमची कागदावरची मर्यादाच १८०, आणि त्यातून प्रोसेसरलाही चित्र काढायचं असतं. वेळेत पिक्सेल मिळाला नाही की कंट्रोलरचा फिफो (पुढचे पिक्सेल ठेवायची छोटी रांग) कोरडा पडतो आणि ओळ सरकते. म्हणजे क्लॉक कमी करणं हा आजारावरचा उपाय नव्हता, ताप उतरवायची गोळी होती. त्या वेळी मशीन रवाना करायचं असणार. ते समजण्यासारखं आहे. पण मूळ कारण तिथेच राहिलं.

पर्याय

१२० हर्ट्झचा पॅनल. मागणी हीच होती, म्हणून आधी तिचाच हिशोब मांडला. ४५ हर्ट्झला एक फ्रेम २२.२ मिलिसेकंदांची, १२० ला ८.३ ची. जास्तीत जास्त बचत १४ मिलिसेकंद, ९०० मधून. शिवाय साध्या औद्योगिक पॅनलमधल्या क्रिस्टललाच रंग बदलायला पंचवीसेक मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दर ८ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम पाठवून तो धावणार नाही. त्यात नवा पॅनल म्हणजे नवा कनेक्टर, नवा बोर्ड, नव्या चाचण्या, आणि पुढची पाच वर्षं हाच पॅनल मिळत राहील असं लेखी द्यायला कुठलाच पुरवठादार तयार नव्हता. हा हिशोब एका कागदावर मांडून मालकांना दाखवला. ते व्यवहारी माणूस, कागद पाहून म्हणाले, "मग हे चौदा सोडा, बाकीचे साडेआठशे कुठे जातात ते सांगा."

आहे त्या पॅनलचा क्लॉक कमाल मर्यादेपर्यंत, ४६.८ मेगाहर्ट्झवर नेणं. कागदावर ८४ हर्ट्झ मिळतात. पण सीमारेषेवर चालवायचं, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली, हीटरच्या शेजारी. हा विचार लगेच सोडला.

लिनक्स आणि ग्राफिक्स प्रोसेसर असलेला तयार बोर्ड. चित्राचा प्रश्न सुटला असता, पण वीज गेल्यावर उठायला लागणारा वेळ कितीतरी वाढला असता, आणि मॉडबसचा उशीर जिथल्या तिथे राहिला असता. तरुण मंडळींचा ओढा या पर्यायाकडे होता. पुढच्या पिढीच्या पॅनलसाठी त्यावर जरूर विचार व्हावा, पण या तक्रारीवरचं ते उत्तर नव्हतं.

हार्डवेअर तेच ठेवून बोटापासून आकड्यापर्यंतची सगळी वाट दुरुस्त करणं. हाच पर्याय ठरला. नवं फर्मवेअर पेन ड्राइव्हने चढवता येत होतं, त्यामुळे आधीच विकलेल्या पॅनलनाही त्याचा लाभ मिळणार होता. माझ्या मते निर्णयाचं पारडं याच गोष्टीने झुकलं.

काय केलं

सुरुवात रंगापासून. ३२ बिटांऐवजी १६ बिटांचा रंग घेतला. वाचनाची गरज ३३.३ मेगाहर्ट्झलाही ६७ मेगाबाइटवर आली, थरथर गेली आणि ६० हर्ट्झ निवांत मिळाले. बदल्यात रंगांच्या छटा कमी झाल्या, आणि मशीन कंपनीच्या लोगोतल्या गडद ते फिकट निळ्या रंगाच्या उतारावर पट्टे दिसू लागले. लोगो आधीच ठिपक्यांच्या पद्धतीने तयार करून घेतला. बाकी स्क्रीनवर रंगांचे उतार काढूनच टाकले. बटणं सपाट झाली. कारखान्यात कोणी चौकशीही केली नाही.

६० हर्ट्झवर एका पॅनलमध्ये अधूनमधून भरकटलेले ठिपके दिसले. रिबन केबल लांब होती आणि क्लॉकच्या कडा तिच्यात उसळत होत्या. क्लॉकच्या रेषेत ३३ ओहमचा रेझिस्टर टाकल्यावर ठिपके गेले.

मग चित्र. पूर्ण स्क्रीनऐवजी बदललेला चौकोनच रंगवायचा. तापमानाच्या आकड्याचा चौकोन १२० × ४८, म्हणजे ५,७६० पिक्सेल. संपूर्ण स्क्रीनच्या दीड टक्का. भरणं आणि मिसळणं प्रोसेसरकडून काढून चिपमधल्या ग्राफिक्स डीएमएकडे (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीत चित्र भरणाऱ्या भागाकडे) दिलं. दोन बफर केले: एक दिसतो, दुसऱ्यात काम चालतं, आणि फ्रेम संपल्यावरच्या मोकळ्या वेळात अदलाबदल.

दोन बफर आणि तुकड्या-तुकड्याने रंगवणं एकत्र आलं की एक खोड निघतेच, ती इथेही निघाली. सील तापमान १६० चं १६२ केलं आणि त्याच वेळी शेजारचा वेगाचा आकडा बदलत होता. स्क्रीनवर १६२, १६०, १६२, १६० असं आलटून पालटून दिसू लागलं. नवा आकडा एकाच बफरमध्ये लिहिला गेला होता. दुसऱ्यात जुनाच राहिला होता, आणि प्रत्येक अदलाबदलीला तो वर येत होता. पाहताना वाटतं की मशीनच दोन आकड्यांमध्ये अडखळतंय. अदलाबदल झाली की नुकताच बदललेला चौकोन पुढच्या बफरमधून मागच्यात डीएमएने नकलून घ्यायचा, हा त्यावरचा उपाय. एवढ्या चौकोनाचे जेमतेम साडेअकरा हजार बाइट, वेळ नगण्य. आकडा रंगवायला आता ५ मिलिसेकंदही लागत नव्हते.

टप्पा क्रमांक एक: सोडायचं की थांबायचं

इथे प्रकरणाला वळण लागलं. ऑफिसच्या टेबलावर पॅनल सुंदर चालत होता. पानं झटकन उलटत, आकडे बोटाबरोबर बदलत. सेल्सने व्हिडिओ काढला आणि लगेच सगळीकडे पाठवू म्हणाले. पण टेबलावर मॉडबसच्या तारेला एकच नकली उपकरण जोडलेलं होतं, जे क्षणात उत्तर देत होतं. सहा खऱ्या उपकरणांचा फेरा तिथे नव्हताच.

आमच्यात मतभेद झाले. एक बाजू म्हणे, जेवढं सुधारलं तेवढं तरी ग्राहकाला द्या. दुसरी बाजू म्हणे, मामांची मूळ तक्रार जशीच्या तशी आहे. आता दिलं तर "केलं तरी फरक नाही" असा शिक्का बसेल आणि पुढच्या सुधारणेवर कोणी विश्वास ठेवणार नाही. मधला मार्ग म्हणून एकाच मशीनवर चढवून पाहिलं. मामांनी पाचेक मिनिटं वापरलं. "चित्र झकास झालंय," ते म्हणाले, "पण आकडा आहे तसाच." सर्वत्र पाठवणं थांबवलं, आणि ते योग्यच झालं.

टचवरची गाळणी

टच कंट्रोलरचा कालावधी १० मिलिसेकंद केला, पाचऐवजी दोनदा बोट दिसलं की पुरे असं ठरवलं, आणि फर्मवेअर इंटरप्टवर आणलं. टेबलावर उत्तम. मशीनवर मुख्य मोटर सुरू होताच स्क्रीनवर कोणी हात न लावता बटणं दाबली जाऊ लागली. पाच वेळा खात्री करण्याची ती जड गाळणी उगाच नव्हती; व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटावर कोणीतरी घातलेलं ते पांघरूण होतं.

गाळणी परत वाढवणं सोपं होतं. त्याऐवजी मशीन कंपनीचे इलेक्ट्रिशियन आणि आम्ही मिळून दार उघडून बसलो. पॅनलचं अर्थिंग दाराच्या पत्र्यावर होतं, आणि दार मशीनच्या सांगाड्याला फक्त बिजागरांनी जोडलेलं. बिजागरांखाली पावडर कोटिंगचा जाड थर. मल्टीमीटर लावला तर दार आणि सांगाडा यांत धड जोडणीच नव्हती. कोटिंग घासून तांब्याची विणलेली पट्टी लावली, व्हीएफडीच्या मोटर केबलला पॅनलच्या २४ व्होल्टच्या तारांपासून दूर नेलं, आणि पॅनलकडे जाणाऱ्या वायरवर फेराइट (असा गोंगाट शोषणारं कडं) चढवलं. भुताटकी जवळजवळ थांबली. राहिलेली काढायला दोनऐवजी तीन वेळा खात्री ठेवली, म्हणजे ३० मिलिसेकंद. हळदीची पूड बसलेल्या बोटांनी आणि पातळ हातमोज्यांतूनही स्पर्श लागतो हे मशीनवरच तपासलं.

सगळ्यात कठीण निर्णय: न पोचलेला आकडा दाखवायचा का?

मॉडबसचा वेग १९२०० केला. त्यापुढे टेंपरेचर कंट्रोलर जात नव्हते. लिहिण्याचा संदेश फेऱ्याच्या शेवटी न ठेवता हातातलं वाचन संपताच पाठवायचा, असा क्रम बदलला. तरीही परत वाचून दाखवायचं म्हटलं की दोनेकशे मिलिसेकंद जातच होते.

खरा उपाय सरळ होता: बोट लागताच आकडा बदलून दाखवा, लिहिणं मागाहून होऊ द्या. मोबाईल हेच करतो. पण मोबाईलमागे दीडशे अंशांचा हीटर नसतो. मशीन कंपनीच्या डिझाइन प्रमुखांनी ठाम विरोध केला. स्क्रीनवर १६२ दिसतंय आणि तार तुटल्यामुळे कंट्रोलरवर १६० च आहे, हे ऑपरेटरशी खोटं बोलणं झालं, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं. मशीनच्या स्क्रीनवरचा आकडा हा कबुलीजबाब असतो.

दुसऱ्या बाजूने मामांचा अनुभव होता. उशिरामुळे तेच मशीनला चुकीचा आकडा देत होते, म्हणजे धोका याही बाजूला होता.

तोडगा चर्चेतून निघाला. दाबताक्षणी आकडा नारिंगी होऊन बदलतो आणि शेजारी छोटा बाण येतो, कारण रंग ओळखू न येणारेही ऑपरेटर असतात. कंट्रोलरकडून तोच आकडा परत वाचून आला की नारिंगी जाऊन काळा होतो. एका सेकंदात आला नाही, तर आकडा मागे जातो आणि बझर वाजतो. प्रत्यक्ष तापमान मात्र कायम कंट्रोलरकडूनच आलेलं दाखवायचं, अंदाजाने कधीही नाही. आणीबाणीचं बटण आधीपासून वेगळ्या तारेवर होतं, त्याला स्क्रीनशी देणंघेणं नव्हतं.

त्यातच एक जुनं दुखणंही निस्तरलं. पूर्वी "+" चा प्रत्येक दाब वेगळा लिहिला जाई. असे कंट्रोलर सेट केलेला आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवतात आणि तिच्या लिहिण्याला लाखाच्या घरात मर्यादा असते. आता बोट ३०० मिलिसेकंद थांबलं की शेवटचा आकडा एकदाच लिहिला जातो.

निष्पत्ती

त्याच मोबाईलने, त्याच मशीनवर, चालू मोटरसह पुन्हा मोजलं. बोट टेकल्यापासून नारिंगी आकडा दिसेपर्यंत १८ ते २४ फ्रेम, म्हणजे ७५ ते १०० मिलिसेकंद. त्यात टचचे पस्तीसेक, उरलेले फ्रेमची वाट पाहणं आणि क्रिस्टलचा स्वतःचा वेळ. काळा आकडा, म्हणजे मशीनची खात्री, त्यानंतर साधारण अर्ध्या सेकंदात येतो. बोट थांबण्याचे ३०० मिलिसेकंद त्यातच धरलेले.

मामा आता हात मागे घेत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मुद्दाम भराभर पाच वेळा दाबून पाहिलं आणि आकडा बरोबर पाच घरं गेला तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या पोराला हाक मारली. रात्रपाळीची लुकलुकीची तक्रार ६० हर्ट्झ झाल्यावर बंद झाली. तापमान बदलतानाची खराब पाकिटं कमी झाली असं सुपरवायझर म्हणतात. त्याची वेगळी नोंद ठेवलेली नव्हती, त्यामुळे त्यापुढे दावा करत नाही.

तापमानाचा आलेख अजून टप्प्याटप्प्याने सरकतो. मधले बिंदू कल्पनेने भरून तो गुळगुळीत करा, अशी सूचना आली होती. कंट्रोलरकडून माहितीच सेकंदाला चार-पाचदा येते. मधलं जे दिसेल ते आम्ही रचलेलं असेल. नकार दिला.

वेगळं काय करता आलं असतं

ऑपरेटरशी बोलणं सर्वात आधी व्हायला हवं होतं. मालक, सेल्स, आम्ही, अशा साखळीत बराच काळ "१२० हर्ट्झ" हाच शब्द फिरत राहिला, आणि रात्रपाळीच्या मुलापर्यंत तर कोणीच पोचलं नव्हतं. तो योगायोगाने भेटला.

टेबलावरची चाचणी खऱ्या मशीनसारखी हवी होती. सहा उपकरणांचा उशीर नकली बनवून तारेवर टाकायला फार मेहनत लागत नाही. तो आधी केला असता तर सेल्सचा व्हिडिओ आणि त्यावरून झालेली ओढाताण दोन्ही टळलं असतं. आता ऑफिसात असा बनावट फेरा कायम चालू असतो, आणि त्यात अधूनमधून एक उपकरण मुद्दाम गप्प बसतं.

अर्थिंगचं काम फर्मवेअरच्या आधी व्हायला हवं होतं. गोंगाट कमी केल्यावर गाळणी हलकी करणं हा क्रम. आम्ही उलट गेलो आणि भुताटकीचे स्पर्श चालू मशीनवर घडले. त्या वेळी हीटर बंद ठेवलेले होते, म्हणून निभावलं. तपासणीच्या दिवशी मशीन रिकामं आणि हीटर बंद हा नियम मात्र पहिल्यापासून होता, आणि तो कुठेही कमी करू नये.

नारिंगी आकड्याबद्दल माझं मन अजून पूर्ण स्थिर नाही. एक सेकंदाची मुदत आम्ही अंदाजाने घेतली. बझर वाजेपर्यंत ऑपरेटर स्क्रीनसमोरून हलला तर? फिल्मचा रोल बदलायला माणूस पटकन मागे जातो. आकडा मागे गेल्यावर तो चौकोन ऑपरेटरने हात लावेपर्यंत लाल ठेवावा, असा बदल सध्या एका मशीनवर चालू आहे. दोन्ही पाळ्यांनी महिनाभर वापरल्यावरच तो इतर पॅनलवर चढेल.

पुढच्या बोर्डात पाच पिना आता मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत, लॉजिक अॅनालायझरचा कनेक्टर थेट बसेल अशा. आणि पिक्सेल क्लॉकच्या ओळीवर फर्मवेअरमध्ये डेटाशीटची किमान-कमाल मर्यादा लिहिली आहे. त्याबाहेरचा आकडा टाकला तर फर्मवेअर तयारच होत नाही.